स्वस्त जमिनीच्या शोधातला लघुलेखक

शहरात घर घेऊ पाहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाविना कळून चुकते. विटा, लोखंड, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांचा खर्च दादरला आणि धुळ्याला काही दसपट वेगळा नसतो. वेगळी असते ती पायाखालची जमीन. ती महाग होते म्हणून घर महाग होते. आणि ती महाग का होते, तर तिथे माणसे येऊन राहतात, रस्ते होतात, रेल्वे थांबते, शाळा आणि बाजार उभे राहतात. थोडक्यात, जमिनीची किंमत वाढवतात ते तिथे राहणारे लोक, आणि ती चुकवतातही तेच. मधल्या मधे मालक मात्र स्वस्थ बसूनही श्रीमंत होतो.

हे कोडे सोडवण्यात ज्यांनी उभे आयुष्य घालवले ते एबेनेझर हॉवर्ड वास्तुविशारद नव्हते, अभियंता नव्हते आणि धनिक तर मुळीच नव्हते. लंडनमध्ये न्यायालये आणि संसदीय समित्यांची कामकाजे टिपून घेणारे ते एक लघुलेखक होते. ‘गार्डन सिटी’ अर्थात उद्याननगरी ही त्यांची कल्पना. आज आपल्याकडे चार नारळाची झाडे आणि एक कारंजे असलेल्या कोणत्याही गृहसंकुलाच्या जाहिरातीत हे शब्द सापडतात. त्यातली झाडे तेवढी लोकांनी उचलली. हॉवर्ड यांना मुळात सांगायचा होता तो जमिनीचा हिशेब, आणि तो बहुतेक ठिकाणी मागे राहिला.

हॉवर्ड यांचा जन्म २९ जानेवारी १८५० चा, लंडन शहराच्या ऐन गाभ्यातला. वडील मिठाई आणि केक-बिस्किटांचे दुकानदार होते. मुलाला मात्र लहानपणीच लंडनबाहेरच्या लहान गावांतल्या निवासी शाळांत ठेवण्यात आले. पंधराव्या वर्षी शिक्षण संपले आणि दलालाच्या कचेरीत कारकुनी सुरू झाली. फावल्या वेळात त्यांनी पिटमन पद्धतीचे लघुलेखन शिकून घेतले आणि याच विद्येने त्यांना जन्मभर पोसले.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८७१ साली, दोन मित्रांसह त्यांनी अमेरिका गाठली. नेब्रास्का राज्यात सरकार कसेल त्याला जमीन देत होते. हॉवर्ड यांना १६० एकर मिळाली. लंडनमध्ये ज्याच्या कुटुंबाकडे स्वतःच्या मालकीचे अंगणही नसावे, त्याच्या नावावर एकाएकी १६० एकर आली. त्यांनी लाकडी खोपटे बांधले, मका, बटाटे, काकड्या, कलिंगडे लावली. शेतीचा गंध नसलेल्या या कारकुनाचा प्रयोग वर्षभरही टिकला नाही. एका मित्राच्याच शेतावर मजुरी करण्याची पाळी त्यांच्यावर आली आणि शेवटी त्यांनी शिकागोचा रस्ता धरला. या फसलेल्या शेतीकडे त्यांचे चरित्रकार सहसा गमतीचा प्रसंग म्हणून पाहतात. परंतु पुढे आयुष्यभर जमिनीचा विचार करणाऱ्या माणसाला तिथे एक धडा मिळाला असणार, असे वाटल्याखेरीज राहत नाही. जमीन फुकट होती, पण आसपास माणूस नव्हता, काम नव्हते, बाजार नव्हता. फुकट असूनही ती राहण्याजोगी नव्हती.

शिकागोत त्यांनी नेमके उलटे चित्र पाहिले. ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीत ते शहर जळून गेले होते आणि राखेतून पुन्हा वर येत होते. चार वर्षे हॉवर्ड तिथल्या न्यायालयांत आणि वृत्तपत्रांसाठी लघुलेखन करीत राहिले. १८७६ साली ते मायदेशी परतले. लंडनमध्ये संसदेच्या कामकाजाची अधिकृत टिपणे घेणाऱ्या गर्नी यांच्या पेढीत त्यांना काम मिळाले. १८७९ साली एलिझाबेथ ॲन बिल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलेबाळे झाली. पैसा कधीच पुरेसा नव्हता आणि जो होता तो टंकलेखन यंत्रात सुधारणा करण्याच्या नादात जाई. कारण हॉवर्ड वृत्तीने संशोधक होते, आणि शहर हेही त्यांच्या लेखी एक बिघडलेले यंत्रच होते.

त्या काळचे लंडन म्हणजे एकेका खोलीत एकेक कुटुंब. श्रमिकांच्या घरांचा प्रश्न इतका चिघळला होता की १८८४ साली त्यासाठी शाही आयोग नेमावा लागला. दुसरीकडे खेडी ओस पडत होती. परदेशातून येणाऱ्या धान्यामुळे इंग्लंडमधली शेती मोडकळीस आली होती आणि शेतजमिनीचे भाव कोसळले होते. एकीकडे जमिनीअभावी माणसे गुदमरत होती, तर दुसरीकडे माणसांअभावी जमीन पडून होती. हेन्री जॉर्ज या अमेरिकी विचारवंताने जमिनीच्या आपोआप वाढणाऱ्या मूल्यावर समाजाचा हक्क असल्याचे प्रतिपादन करून इंग्लंडमध्ये खळबळ उडवली होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी थॉमस स्पेन्स याने न्यूकॅसलमध्ये गावची जमीन गावाच्याच मालकीची असावी, असा विचार मांडला होता. हॉवर्ड यांनी हे सारे वाचले, चर्चामंडळांत ऐकले. पण एक अडचण त्यांना दिसत होती. ज्या जमिनीवर शहर उभे आहे ती मालकांकडून काढून घ्यायची, तर एक तर क्रांती करावी लागेल किंवा न परवडणारी भरपाई द्यावी लागेल.

त्यांनी काढलेली तोड त्यांच्या स्वभावासारखीच साधी होती. शहरातली जमीन महाग आहे ना, मग तिच्याशी भांडायचेच कशाला? जिथे अजून कोणी गेलेले नाही अशी शेतजमीन शेतीच्या भावाने विकत घ्यायची, तीही एकेक तुकडा नव्हे तर अख्ख्या शहरापुरती, आणि मग माणसे न्यायची. जमीन कोणालाही विकायची नाही, भाड्याने द्यायची. माणसे आली की तिचे मूल्य वाढेल, पण ती वाढ विश्वस्तांच्या हाती राहील. आधी कर्ज फिटेल आणि पुढे त्याच उत्पन्नातून रस्ते, शाळा, वृद्धांची निवृत्तिवेतने निघतील.

१८९८ साली त्यांचे पुस्तक निघाले. प्रकाशकाने पदरचा पैसा घालण्याची तयारी दाखवली नाही, तेव्हा एका अमेरिकी मित्राने ५० पौंड उसने दिले. १९०२ साली तेच पुस्तक ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’ या नावाने पुन्हा निघाले आणि जगभर गेले. त्यातल्या गोल-गोल आकृत्या विद्यार्थी आजही वहीत उतरवतात. तथापि त्या पुस्तकाची बरीच पाने जमाखर्चाची आहेत. ६,००० एकर जमीन, एकरी ४० पौंड, म्हणजे २ लाख ४० हजार पौंड. चार टक्क्यांनी वर्षाचे व्याज ९,६०० पौंड. वस्ती ३२ हजार. म्हणजे जमिनीच्या व्याजापोटी माणशी वर्षाला अवघे सहा शिलिंग! घराचा भूखंड सरासरी २० फूट रुंद आणि १३० फूट लांब. शहर हजार एकरांत, उरलेली पाच हजार एकर कायमची शेती. तिच्यावर कधीही बांधायचे नाही. वस्ती भरली की ती हद्द ओलांडून पुढे दुसरे शहर वसवायचे.

व्यवहारी माणसे हसली. समाजवाद्यांना ही योजना बाळबोध वाटली, जमीनदारांना वेडगळ. परंतु जून १८९९ मध्ये हॉवर्ड यांनी डझनभर लोकांना जमवून गार्डन सिटी असोसिएशन काढली आणि कंदिलाच्या चित्रफिती घेऊन ते गावोगाव व्याख्याने देत हिंडू लागले. मध्यम उंची, साधे कपडे, टक्कल, झुबकेदार मिशा; पाहून कोणी दुसऱ्यांदा वळून बघू नये असे हे गृहस्थ बोलायला उभे राहिले की सभा त्यांची होई. १९०१ साली राल्फ नेव्हिल हे नामांकित वकील संघटनेचे अध्यक्ष झाले. चॉकलेटवाले कॅडबरी आणि साबणवाले लीव्हर हे कारखानदार पाठीशी उभे राहिले. जुलै १९०२ मध्ये २० हजार पौंड भांडवलाची एक कंपनी निघाली. तिचे काम एकच होते, जागा शोधणे.

हा शोध मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण कागदावर एकरी ४० पौंड लिहिणे सोपे असते. जमीन चार-सहा हजार एकर सलग हवी, मालकीहक्क निर्वेध हवा. रेल्वेमार्ग जवळ हवा, नाही तर कारखाने येणार नाहीत आणि कारखाने आले नाहीत तर लोक खातील काय? पिण्याचे पाणी हवे, सांडपाण्याला उतार हवा. लंडन फार दूर नको. आणि हे सारे असूनही भाव शेतीचाच हवा! इंग्लंडभरच्या जागा पाहण्यात आल्या. स्टॅफर्डशायरमधील चार्टली येथील मोठी जहागीर जवळजवळ पसंत पडली होती, पण ती लंडनपासून लांब होती. अखेर हर्टफोर्डशायरमध्ये लेचवर्थ हे खेडे निघाले. लंडनपासून ३५ मैल, हिचिन ते केंब्रिज रेल्वेमार्ग जमिनीतूनच गेलेला. मुख्य जहागीर मात्र हजार एकरांच्या आसपासच होती. शहरासाठी भोवतालची जमीनही लागणार होती आणि तिचे मालक अनेक होते.

एकूण पंधरा मालकांशी बोलणी झाली आणि ती सगळी गुपचूप. इथे शहर होणार आहे ही कुणकुण एकाला जरी लागली असती, तरी उरलेल्यांचे भाव आकाशाला भिडले असते. जमिनीचे मूल्य लोकांचे आहे असे व्यासपीठांवरून सांगणाऱ्या चळवळीला जमीन घेताना तोंडाला कुलूप लावावे लागले, यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. परंतु दुसरा मार्ग नव्हता. विकणाऱ्यांनी स्वखुशीने विकली आणि चालू भावाने विकली. ३,८१८ एकर जमीन १ लाख ५५ हजार ५८७ पौंडांना मिळाली. भाव पडला एकरी ४० पौंडांहून किंचित अधिक. पाच वर्षांपूर्वी एका लघुलेखकाने अंदाजाने मांडलेला आकडा जवळजवळ तंतोतंत उतरला. नवी कंपनी सप्टेंबर १९०३ मध्ये नोंदवली गेली. तिच्या भागधारकांना पाच टक्क्यांहून अधिक लाभांश घेता येणार नव्हता. बाकीचा नफा गावाचा. ९ ऑक्टोबरला धो धो पावसात, चिखलात उभारलेल्या मंडपात अर्ल ग्रे यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

यानंतरची कथा मात्र सरळ नाही. जमीन स्वस्त मिळाली, पण रस्ते, पाणी, वायू, गटारे यांना पैसा लागला आणि भागभांडवल अपेक्षेइतके जमेना. कंपनीच्या संचालकपदी बसलेले व्यावसायिक सावध होते. हॉवर्ड यांच्या योजनेचा प्राण असा की जमिनीचे भाडे ठरावीक काळाने तिच्या वाढत्या मूल्याप्रमाणे वाढत जावे. कारखानदार आणि घर बांधणारे याला तयार होईनात. पुढे किती भाडे द्यावे लागेल हे ठाऊक नसताना कोण इमारत बांधणार? संचालकांनी माघार घेतली आणि ९९ वर्षांच्या स्थिर भाड्याचे पट्टे दिले. म्हणजे मूल्यवाढीचा मोठा हिस्सा पुन्हा पट्टेदाराच्या पदरात गेला. हॉवर्ड संचालक मंडळावर होते, पण निर्णय त्यांच्या हातात राहिले नव्हते. त्यांना हे पाहत बसावे लागले. माझ्या मते लेचवर्थची खरी हार झाली ती इथे. बाकीच्या उणिवा भरून निघण्याजोग्या होत्या.

रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या वास्तुविशारदांनी गावाचा सुरेख आराखडा केला, पण गरिबांच्या घरांचे काय? १९०५ साली स्वस्त घरांचे प्रदर्शन भरवण्यात आले. अट अशी की घर १५० पौंडांत बांधून दाखवायचे. लाकूड, विटा, काँक्रीट, जे सुचेल ते लोकांनी वापरले. लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन ब्रॉडी यांनी तर काँक्रीटच्या तयार भिंती आणून जोडल्या. ६० हजारांवर लोक ही घरे पाहायला आले. बघ्यांची गर्दी झाली, गावाचे नाव झाले. पण त्यातली बरीचशी घरे शेवटी मध्यमवर्गीयांनी घेतली. कुशल कामगाराला लेचवर्थमध्ये घर मिळे. अंगमेहनतीच्या मजुराला मात्र १५० पौंडांच्या घराचे भाडेही जड जाई. गाव बांधणारे कित्येक हात रोज बाहेरून येत आणि संध्याकाळी परत जात. जमीन स्वस्त केली की घर स्वस्त होते हे खरे, पण मजुरी पुरेशी नसेल तर स्वस्त घरही पुरत नाही. हॉवर्ड यांच्या जमाखर्चात या ओळीला जागा नव्हती.

घरात याच सुमारास आघात झाला. पुस्तकाच्या दिवसांपासून ओढाताणीच्या संसारात त्यांना साथ देणाऱ्या एलिझाबेथ नव्या गावात राहायला जाण्याच्या तोंडावरच, नोव्हेंबर १९०४ मध्ये वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ लेचवर्थमध्ये सभागृह बांधले गेले. १९०७ साली हॉवर्ड यांनी दुसरा विवाह केला, तो फारसा सुखाचा झाला नाही. लघुलेखनाची नोकरी सुटली नव्हतीच. जगभरातले पाहुणे ज्याला भेटायला येत तो माणूस पोटासाठी इतरांची भाषणे टिपून घेत होता. एस्परांतो या जागतिक भाषेचा त्यांना ध्यास लागला होता आणि यंत्रांची खटपट चालूच होती. कंपनीने पहिला लाभांश दिला तो १९१३ साली, अवघा एक टक्का.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडमध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. हॉवर्ड यांच्या तरुण सहकाऱ्यांचे, फ्रेडरिक ऑस्बोर्न आणि सी. बी. पर्डम यांचे, म्हणणे असे की आता अशी शहरे सरकारनेच उभारावीत. हॉवर्ड यांना ते पटत नव्हते असे नाही, पण सरकार हलेपर्यंत जन्म सरेल अशी त्यांची खात्री होती. लंडनहून लेचवर्थला जाता-येता आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी वेल्विनजवळची एक जागा त्यांनी मनाशी हेरून ठेवली होती. ३० मे १९१९ रोजी लॉर्ड डेसबरो यांच्या जहागिरीचा काही भाग लिलावात निघाला. हॉवर्ड तेव्हा ६९ वर्षांचे. त्यांच्याजवळ बयाण्याइतकेही पैसे नव्हते. मित्रांकडे फिरून जे जमले ते घेऊन ते लिलावाला गेले आणि १,४५८ एकर जमीन त्यांनी ५१ हजार पौंडांना घेतली. बयाण्याची उरलेली रक्कम त्यांच्या वतीने बोली बोलणाऱ्या जमीन-दलालानेच उसनी दिली.

सहकाऱ्यांना आनंदापेक्षा धक्काच अधिक बसला. न विचारता घेतलेल्या या जमिनीचे पैसे आता उभे करायचे होते! शिवाय शहराच्या दृष्टीने ती अपुरी होती. शेजारची जमीन लॉर्ड सॉलिस्बरी यांची. त्यांनी नाखुशीने का होईना, पण ती विकली आणि एकूण २,३७८ एकर झाली. एप्रिल १९२० मध्ये कंपनी स्थापन झाली. लुई द स्वासाँ या तरुण वास्तुविशारदाने आराखडा केला आणि वेल्विन गार्डन सिटी उभी राहू लागली. हॉवर्ड तिथेच राहायला गेले. १९२७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १ मे १९२८ रोजी वेल्विनमध्येच त्यांचे निधन झाले. दफन लेचवर्थला झाले. दोन शहरे वसवणाऱ्या या माणसाच्या मागे संपत्ती अशी जवळपास काहीच नव्हती.

सरकार हलायला आणखी १८ वर्षे लागली. १९४६ साली ब्रिटिश संसदेने नव्या शहरांचा कायदा केला, त्यात ऑस्बोर्न यांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. लेचवर्थपासून काही मैलांवरचे स्टीव्हनेज हे त्यातले पहिले शहर. मात्र आता गुपचूप बोलणी नव्हती, सक्तीच्या संपादनाचा अधिकार होता, आणि स्टीव्हनेजच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. आधी जमीन ताब्यात घ्यायची, विकसित भूखंडांतून पैसा उभा करायचा आणि त्यातून सोयी करायच्या, हाच विचार पुढे आपल्याकडे नवी मुंबईच्या रूपाने आला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन या नगरीसाठी ठरली. लेचवर्थच्या पंधरा मालकांना नाही म्हणण्याची मुभा होती, ती इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी बळी पडले. विकसित जमिनीत साडेबारा टक्क्यांचा वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना त्यानंतर आली. मूल्यवाढ लोकांची, हे हॉवर्ड यांचे सूत्र मान्य केले तरी ते लोक म्हणजे आधीपासून राहणारे की नंतर येणारे, याचा निवाडा त्यांच्या पुस्तकात नाही.

लेचवर्थवर एक प्रसंग पुढे यायचाच होता. तिथल्या जमिनीचे मूल्य अर्धशतकात इतके वाढले की लाभांशाच्या मर्यादेवर चालणारी जुनी कंपनी बाजारातल्या जाणत्यांच्या नजरेत भरली. ती मर्यादा मधल्या काळात सैल झाली होतीच. १९६० च्या सुमारास हॉटेल यॉर्क नावाच्या एका खासगी कंपनीने भाग खरेदी करून लेचवर्थवर ताबा मिळवला. गावाची सारी जमीन एका व्यापारी पेढीच्या हाती गेली. रहिवासी आणि नगरपालिका खडबडून जागी झाली, लढा संसदेपर्यंत गेला आणि १९६२ साली लेचवर्थसाठी स्वतंत्र कायदा होऊन जमीन एका सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ साली ती एका विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आली. दुकाने, कारखाने आणि शेते यांचे भाडे आजही ही संस्था गोळा करते आणि गावातल्याच कामांवर खर्च करते. घरांच्या किमती मात्र लंडनभोवतालच्या इतर गावांसारख्याच आहेत.